पाच रुपयांचा पुडा

22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि किराणा दुकानांत एक अवघडलेली किंमत दिसू लागली : 4 रुपये 45 पैसे. पाच रुपयांच्या पुड्यातून कमी झालेला कर वजा केला, तर हिशेबाने एवढेच उरतात. पण 45 पैसे द्यायचे कसे? 25 पैशांचं नाणं जून 2011 अखेर चलनातून गेलं. 50 पैशांचं नाणं कायद्याने चालतं, दुकानात कोणी घेत नाही. ग्राहक पाचाचं नाणं ठेवणार आणि वरचे 55 पैसे गल्ल्यात राहणार. थोड्याच दिवसांत कंपन्या पाच रुपयांवर परतल्या. कराची सवलत वाढीव वजनाच्या रूपाने देऊ, असं त्यांनी सांगितलं.

आपल्याकडच्या रोजच्या मालाचा बाजार कसा चालतो, हे समजून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे. पीठ, साखर, तेल, मजुरी, वाहतूक आणि नफा यांची बेरीज करून कारखानदार किंमत ठरवतो, असं आपण धरून चालतो. छोट्या पुड्याचं गणित उलट्या टोकाकडून सुटतं. आधी एक, दोन, पाच किंवा दहा रुपये हा आकडा पक्का होतो. त्यातून कर, वितरक आणि दुकानदाराचा वाटा, वेष्टनाचा खर्च, नफा बाजूला काढला जातो. उरलेल्या पैशांत जेवढा माल बसेल तेवढा पुड्यात जातो. किंमत खिळ्याने ठोकलेली असते आणि हलतं ते वजन. धंद्यातली माणसं याला ‘ग्रॅमेज’ म्हणतात.

हा आकडा पक्का करतो गिऱ्हाईक, आणि तेही ज्याच्या हातात रोजचा पगार रोज पडतो तो. नाक्यावर काम मिळालं तर संध्याकाळी पैसे, नाही तर नाही. अशा घरात महिन्याचा किराणा भरता येत नाही. चहापत्तीची पुडी, तेलाचं पाऊच, मुलांसाठी बिस्किटाचा पुडा हे सगळं त्या दिवसापुरतं येतं. ही मागणी फार मोठी असते आणि फार नाजूकही. पाचाचे सहा केले तर वाढ एका रुपयाची दिसते, प्रत्यक्षात ती 20 टक्क्यांची असते. शिवाय गिऱ्हाइकाला एका नाण्याऐवजी दोन नाणी शोधावी लागतात. तेवढ्यात शेजारच्या बरणीतला दुसरा पुडा त्याला दिसतो. वजनातून चार-पाच ग्रॅम गेले तर मात्र चहा पिताना कोणाच्या लक्षात येत नाही.

पारले-जी हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. 1929 मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या या कंपनीने 1939 पासून बिस्किटं बनवायला घेतली. 1990 च्या दशकात छोटा पुडा चार रुपयांचा होता आणि त्यात सुमारे 100 ग्रॅम बिस्किटं मिळत. पुढे वर्षानुवर्षं किंमत तीच राहिली, नंतर ती जेमतेम एका रुपयाने वाढली. अलीकडच्या काळात पाच रुपयांचा पुडा 55 ग्रॅमपर्यंत उतरला. चार रुपयांत 100 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 4 पैसे आणि पाच रुपयांत 55 ग्रॅम म्हणजे 9 पैसे. छापील किंमत पाव पटीने वाढली आणि बिस्किट दुपटीहून महाग झालं. गहू, साखर, मजुरी, डिझेल यांचे भाव इतक्या वर्षांत किती चढले हे पाहिलं, तर ही वाढ अवाजवी म्हणता येणार नाही. ती दिसली नाही, एवढंच.

या पुड्याला सरकारनेही कधी आधार दिला, कधी काढून घेतला. किलोला 100 रुपयांहून कमी दराच्या बिस्किटांना पूर्वी उत्पादन शुल्क माफ होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ग्लुकोजच्या साध्या बिस्किटापासून महागड्या बिस्किटांपर्यंत सगळ्यांना सरसकट 18 टक्के कर लागला. 2019 मध्ये ग्रामीण भागातली मागणी घटल्यावर पारलेने आठ ते दहा हजार कामगार कमी करावे लागतील असा इशारा दिला, तेव्हा त्यामागे हा करही होता. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत याच बिस्किटाची विक्रमी विक्री झाली. हॉटेलं बंद, कामं बंद, हजारो मजूर पायी गावाकडे निघालेले. संस्था आणि सरकारी यंत्रणा वाटपासाठी पुडे घेत होत्या, घरोघरी साठा होत होता. उत्पन्न घटलं की बहुतेक वस्तूंची मागणी घटते. काही थोड्या वस्तूंची वाढते. त्या वस्तू कोणत्या, हे पाहिलं की देशाची खरी मिळकत कळते.

शाम्पूची गोष्ट याहून वेगळी. 1980 च्या दशकापर्यंत शाम्पू हा बाटलीतून मिळणारा, शहरी सुखवस्तू घरांतला माल होता. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी तो छोट्या पुडीत भरण्याची वाट दाखवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये ‘चिक’ शाम्पू आणून ती वाट खेड्यापाड्यांत नेली. आज कोकणातल्या वाडीवरच्या टपरीतही शाम्पूच्या माळा लटकलेल्या असतात. इथे मागणी आधीपासून नव्हती. परवडणाऱ्या किमतीने ती जन्माला घातली. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या निरमाचंही तेच. सर्फहून कित्येक पटींनी स्वस्त पावडर आल्यावर, जी घरं तोवर साबणाच्या वडीवर भागवत होती ती डिटर्जंटची गिऱ्हाइकं झाली. मग सर्फ बनवणाऱ्या बड्या कंपनीलाही ‘व्हील’ ही स्वस्त पावडर आणावी लागली.

शाम्पूची पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते, हे फारसं कोणी ताडून पाहत नाही. कारण सरळ आहे. बाटली घेणारा दहा रुपयांच्या फरकाने कंपनी बदलत नाही, पुडी घेणारा लगेच बदलतो. त्यामुळे खरी स्पर्धा पुडीच्याच पातळीवर होते. या पुड्यांचा कचरा गटारांत आणि ओढ्यांत साठतो, तो गोळा करण्याचा खर्च पंचायतीवर पडतो आणि पुडीच्या किमतीत तो कुठेच धरलेला नसतो.

ग्रॅमेज किती उतरवता येतं, याला मर्यादा आहे. माल कमी झाला तरी वेष्टनाचा खर्च तसाच राहतो, आणि एका टप्प्यानंतर पुडा हातात घेताच हलका लागतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली. साबण, बिस्किटं आणि फरसाण या सगळ्यांचा पाया पामतेल. त्या काळात दहा रुपयांच्या भुजियाच्या पाकिटाचं वजन 55 ग्रॅमवरून 42 वर आल्याच्या बातम्या होत्या. अशा वेळी कंपन्या हळूहळू गिऱ्हाइकाला पाचाकडून दहाकडे, दहाकडून वीसकडे सरकवतात.

वजन घटवणं ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यामुळे पुडा गरिबाच्या आवाक्यात राहतो. पण ते गुपचूप होणं अन्यायाचं आहे. 2021 मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिने ठरावीक वजनांतच माल विकण्याचं बंधन उठवलं आणि त्याच्या बदल्यात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापणं सक्तीचं केलं. हा दर बहुधा शिवणीजवळ, बारीक अक्षरांत असतो. आणि 10 ग्रॅम किंवा 10 मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना या नियमांतून सूट आहे, म्हणजे सर्वांत गरीब गिऱ्हाईक जी पुडी घेतं तिलाच. ही सूट काढून टाकायला हवी, आणि वजन व ग्रॅमचा दर पुड्याच्या दर्शनी बाजूवर, ब्रँडच्या नावाखालीच छापायला हवा.

तोवर किराणा आणताना किमतीशेजारी ग्रॅमचा दर शोधून वाचा. तो छापलेला नसेल किंवा वजन कमी भरलं, तर राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.