देवनागरी पान आणि बदलते ब्राउझर

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील या पहिल्या महानगरपालिकेच्या अल्प आयुष्यातच संकेतस्थळांचे दोन जुने आधार नाहीसे झाले: चलचित्रे आणि खेळ दाखवणाऱ्या फ्लॅशला ॲडोबने ३१ डिसेंबर २०२० रोजी पूर्णविराम दिला, तर विंडोजबरोबर आपोआप येणारा इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर करभरणा असो वा दाखल्याचा अर्ज, नागरिकाला दिसणारी मांडणी, अक्षरे आणि बटणे घडवण्याच्या कामाला ‘फ्रंट-एंड’ म्हणतात. हा भाग वाचणाऱ्याच्या फोनमधील ब्राउझरमध्ये आकार घेतो, त्यामुळे तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र त्याच्या कर्त्याच्या हाती कधीच नसते. क्रोमने २०२१ मध्ये नव्या आवृत्त्यांमधील अंतर सहा आठवड्यांवरून चारवर आणले, तेव्हा ब्राउझरांशी जुळवून घेण्याची ही ओढाताण आणखी वाढली.

मराठीला या बदलांची झळ फार आधी लागली. जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला पहिल्यापासून जागा होती. परंतु सामान्य संगणकाला ती उमगत नसल्याने मराठी दैनिकांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांनी आडवाट धरली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट पानासोबतच पाठवायचा, अशी ती ‘डायनॅमिक फॉन्ट’ची युक्ती होती. तिच्यासाठी १९९७ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररची एक पद्धत होती आणि नेटस्केपची दुसरी. ज्या ब्राउझरला दोन्ही ठाऊक नसत, त्यात बातमीऐवजी रोमन चिन्हांची निरर्थक रास दिसे, आणि शोधयंत्रालाही तेवढेच दिसे. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली, मोबाइलनेही पुढे तीच वाट धरली, आणि आडवाटेने लिहिलेला मजकूर मात्र रूपांतर होईपर्यंत वाचकाला व शोधयंत्राला दुरावलेलाच राहिला. युक्ती वाईट नव्हती, त्या काळी दुसरा मार्गही फारसा नव्हता. पण ती एकेका कंपनीच्या मर्जीवर उभी होती.

आजचे प्रश्न अधिक सूक्ष्म आहेत. ‘श्रीधर’ या नावाचे पहिले अक्षर वर्तुळात दाखवायचे असेल, तर ब्राउझरची भाषा असलेली जावास्क्रिप्ट साध्या मोजणीने केवळ ‘श’ उचलते, कारण ‘श्री’ तिच्या लेखी चार चिन्हे आहेत: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. वाचकाला एक वाटणारे अक्षर एकच मोजण्यासाठी ‘इंटल सेग्मेंटर’ ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियमही युनिकोडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्येच दाखल झाला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हवी असतील, तर फॉन्टमध्ये ती असावी लागतातच, शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे संकेतावलीत नोंदवावे लागते. एका शब्दाचे हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते.

पाने घडवण्याच्या साधनांची गर्दी या प्रश्नांपुढे दुय्यम वाटावी, इतकी ती लवकर पालटते. जेक्वेरी २००६ ची, अँग्युलरजेएस २०१० ची, रिॲक्ट २०१३ ची. ही सारी तयार कोडची संकलने आहेत, आणि त्यांतील अँग्युलरजेएसची देखभाल गूगलने २०२१ च्या अखेरीस थांबवली. जेक्वेरी ज्या उणिवा भरून काढण्यासाठी लागत होती, त्यांतील बऱ्याच पुढे ब्राउझरांनी स्वतःच भरून काढल्या. त्यामुळे नवे साधन शिकण्याआधी ब्राउझरांत सर्वमान्य काय झाले, हे पाहणे अधिक हिताचे ठरते, आणि ते पाहण्यासाठी २०२३ पासून ‘बेसलाइन’ नावाची मोजपट्टी वापरात आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ब्राउझरांत एखादी सोय पोहोचली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते, आणि त्यानंतर तीस महिने लोटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. मधला काळ जुना फोन वापरणाऱ्यांसाठी राखलेला असतो. ‘श्री’ अखंड मोजणाऱ्या सोयीची पहिली पायरी एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण झाली असल्याने तिची दुसरी पायरी ऑक्टोबर २०२६ मध्ये येते.