माणिक पुढच्या आठवड्यात

ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या ङमौक माणकाची गोष्ट या वेळी सांगतो म्हणालो होतो. ती राहू द्या. चिपळूणहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. त्या विचारतात, "तीस वर्षं डांबून ठेवणाऱ्या इंग्रजांना थिबाने शेवटी माफ केलं का हो?" या प्रश्नापुढे माणिक आठवडाभर थांबू शकतं.

सरळ सांगायचं तर राजाच्या कागदपत्रांत माफी कुठे दिसत नाही. दिसतात ते अर्ज. तनखा वाढवा, देणी भागवा, दागिने परत द्या. नोव्हेंबर १८८५ मध्ये पंधरवड्याच्या लढाईत राज्य गेलं, एप्रिल १८८६ मध्ये मद्रासहून त्याला बोटीने रत्नागिरीला आणलं, आणि १९१० मध्ये जांभ्याचा तो राजवाडा मिळेपर्यंत भाडेकऱ्यासारखे बंगल्यांत दिवस काढले. घरखर्चासाठी सरकारच्या तोंडाकडे बघणारा माणूस सरकारला माफ करणार तरी कशाच्या जोरावर?

माफीचा खरा प्रश्न आला तो घरात. तोही दोनदा.

थोरली राजकन्या पायाजी हिला १९०६ मध्ये मुलगी झाली. मुलीचा बाप गोपाळ सावंत, राजाच्या दारावरचा दरवान, घरी बायको असलेला. थिबाच्या कोनबाँग घराण्यात पहिल्या दर्जाच्या राजकन्येला नवरा राजरक्ताचाच लागायचा आणि रत्नागिरीत राजरक्ताची मुलं कुठून आणणार? राजाराणीवर काय कोसळलं असेल याची कल्पना करा. तरीही नात, टूटू, त्याच घरात वाढली. त्यांनी तिला आपलं म्हटलं.

दुसऱ्या वेळी हे जमलं नाही. १९१६ मध्ये दुसरी मुलगी पायालात एका ब्रह्मी तरुणाबरोबर घर सोडून गेली. जातीधर्माची अडचण नव्हती, भाषाही एकच, तरी बापाला ते सोसवलं नाही. त्याच वर्षी १५ डिसेंबरला थिबा गेला, वय ५७. मुलीच्या धक्क्याने गेला असं आपल्याकडे अजून सांगतात. मला ते जरा नाटकी वाटतं. कैदेत तीस वर्षं एका जागी बसलेल्या माणसाचं हृदय थांबायला मुलगीच कशाला हवी?

आता बाईंच्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येतो. १९१९ मध्ये सरकारने कुटुंबाला ब्रह्मदेशी जायची परवानगी दिली. राणी सुपायालात गेली ती गेलीच, १९२५ मध्ये रंगूनला वारली. पायाजीही टूटूला घेऊन गेली होती, पण थोड्याच काळात दोघी परत आल्या. कुठे, तर रत्नागिरीला! ज्या गावात बापाला कैदी म्हणून आणलं, त्या गावात ही बाई कोणाचा हुकूम नसताना आली. गोपाळसाठी आली म्हणा, हवं तर वेडेपणा म्हणा. तिने त्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, पण साऱ्या घराण्यात माफीच्या जवळ पोहोचलेलं मला हेच एक कृत्य दिसतं. पदरात फार काही पडलं नाही. १९४७ मध्ये ती इथेच गेली, गरिबीत.

टूटूने शंकर पवारांशी लग्न केलं, शेणी थापून आणि कागदाची फुलं करून विकली, मोठा संसार ओढला. मंडालेच्या राजाची नात मराठी बोलत २००० सालापर्यंत आपल्यात होती. तिला पाहिलेली माणसं गावात आहेत. कुणाकडे तिच्या हातची फुलं, एखादा फोटो असेल तर जरूर कळवा. ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये रत्नागिरीत शिवाजीनगरला थिबाच्या थडग्यावर येऊन गेले तेव्हा पेपरांत राजाबद्दल रकानेच्या रकाने आले. नातीच्या वाट्याला त्यातल्या ओळी थोड्याच.

मात्र सगळ्याच बहिणी थोरलीसारख्या होत्या असं समजू नका. धाकटी पायागले जन्माने रत्नागिरीकर, १८८७ ची. मंडालेचा राजवाडा तिने लहानपणी पाहिलेलाही नव्हता. ब्रह्मदेशी गेल्यावर १९३० नंतरच्या काळात तिने इंग्रज सरकारला लिहून बापाचं राज्य आणि जवाहीर परत मागितलं. सरकारने तिची रवानगी मौलमीनला केली. १९३६ मध्ये ती तिथेच वारली.