जखम भरते, पण वण का उरतो?

त्वचेला जखम झाली की ती भरून काढण्याचे काम पेशी करतात. पण कोणत्या पेशीने कधी कामाला लागायचे आणि कधी थांबायचे, हे बऱ्याच अंशी वृद्धिघटकांवर अवलंबून असते. वृद्धिघटक म्हणजे अत्यल्प प्रमाणात स्रवणारी प्रथिने. पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहीला ती चिकटली की पेशी विभागते, जागा बदलते किंवा नवे तंतू तयार करू लागते. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. त्या अर्कातून त्वचेच्या वरच्या थराची वाढ घडवणारा घटक, म्हणजे ईजीएफ, हाती आला. कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते वृद्धिघटकांच्या शोधासाठीच.

कापलेल्या जागी पहिल्यांदा पोहोचतात त्या प्लेटलेट्स. त्या रक्त थांबवतात आणि त्याच वेळी पीडीजीएफ व टीजीएफ-बीटा हे घटक मोकळे करतात. त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी येतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज पेशींचे प्राबल्य होते. जंतू आणि मृत पेशी गिळणे एवढेच त्यांचे काम नसते. पुढच्या टप्प्याला लागणारे वृद्धिघटकही त्याच पुरवतात. म्हणून मॅक्रोफेजचे काम बिघडले तर जखम रेंगाळते.

जखमेत प्राणवायू कमी असतो. त्यामुळे व्हीईजीएफ हा घटक वाढतो आणि आसपासच्या केशवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. उघड्या जखमेच्या तळाशी लालभडक, दाणेदार, जरा धक्का लागताच रक्त येणारे मांसांकुर दिसतात, ते याच वाहिन्यांमुळे. कडेच्या त्वचापेशी त्यांच्यावरून सरकत आत येतात. त्यांना पृष्ठभाग ओलसर लागतो. जखम उघडी ठेवून कोरडी करावी हा घरोघरीचा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

वणाच्या मुळाशी प्रामुख्याने टीजीएफ-बीटा असतो. त्याच्या प्रभावाने फायब्रोब्लास्ट पेशी भराभर कोलॅजन तयार करतात, आणि त्यांतल्या काही आकुंचन पावणाऱ्या पेशी बनून जखमेच्या कडा जवळ ओढतात. निरोगी त्वचेत कोलॅजनचे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते एकाच दिशेने दाटीवाटीने पडतात. केसांची मुळे आणि घर्मग्रंथी तिथे सहसा पुन्हा येत नाहीत. पुढे वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ तंतूंची फेररचना चालते, तरीही वणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

गर्भाच्या त्वचेवरची जखम मात्र गर्भारपणाच्या पूर्वार्धात वणाशिवाय भरते. तिथे टीजीएफ-बीटाचा पहिला प्रकार कमी आणि तिसरा जास्त आढळतो. या धाग्यावरून मँचेस्टरमध्ये मार्क फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने तिसऱ्या प्रकाराचे औषध तयार झाले. सुरुवातीच्या चाचण्यांनी मोठी आशा लावली होती, पण २०११ मध्ये निर्णायक टप्प्यात ते अपयशी ठरले. वण पुसण्याचे काम एकट्या रेणूने होण्याइतके सोपे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

मधुमेही रुग्णाच्या पायावरची जखम चिघळते तेव्हा अडचण वेगळी असते. तिथे प्रथिने तोडणारी विकरे वाढलेली असतात आणि ती वृद्धिघटकांचाच फडशा पाडतात. यासाठी पीडीजीएफचे बेकाप्लर्मिन हे जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाले. कर्करोगाच्या शंकेमुळे २००८ मध्ये त्यावर कडक इशारा छापला गेला, तो २०१८ मध्ये काढण्यात आला. भारतात ईजीएफचे जेलही मिळते. पण मृत ऊती काढलेली नसेल, पायावरचा भार कमी केलेला नसेल किंवा रक्तपुरवठाच अपुरा असेल, तर महागडे जेल लावूनही फारसे काही साधत नाही.

याच्या उलट टोकाला केलॉइड. कान टोचल्यावर पाळीवर वाढत जाणारी टणक गाठ हे त्याचे नेहमीचे रूप. सावळ्या-काळ्या त्वचेत ते अधिक आढळते. टीजीएफ-बीटाचे संकेत इथे लवकर शमत नाहीत आणि कोलॅजन मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरते. नुसती कापून काढलेली गाठ बहुधा पुन्हा येते. म्हणून गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्याने कोलॅजनची निर्मिती मंदावते. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर तिला या इंजेक्शनांची, दाबपट्टीची किंवा अल्प मात्रेतील किरणोपचारांची जोड दिली जाते.