एका गेममध्ये हेडशॉट, दुसऱ्यात भिंतीला गोळ्या. माऊस सेन्सिटिव्हिटीचा घोळ नेमका काय असतो?

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवून दोन वर्षं खेळलेला एखादा भिडू मित्रांच्या आग्रहाखातर व्हॅलोरंट डाउनलोड करतो. सेटिंगमध्ये जाऊन तोच १ चा आकडा टाकतो. पहिल्याच मॅचमध्ये क्रॉसहेअर समोरच्याचं डोकं ओलांडून थेट पलीकडच्या भिंतीवर. मित्र म्हणतात, "होईल रे सवय." पण इथं प्रश्न सवयीचा नाहीच. त्याचा नेम आता तिपटीहून जास्त वेगानं फिरतोय.

माऊस हलला की तो कॉम्प्युटरला बारीक टप्पे मोजून पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच हलवल्यावर ८०० टप्पे. एका टप्प्याला किती अंश वळायचं, हे मात्र प्रत्येक गेम स्वतः ठरवतो. सेन्सिटिव्हिटी १ असताना काउंटर-स्ट्राइक ०.०२२ अंश वळतो, व्हॅलोरंट ०.०७ अंश. ओव्हरवॉचमध्ये हाच आकडा ०.००६६ आहे. थोडक्यात, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी.

म्हणून काउंटर-स्ट्राइकचा आकडा व्हॅलोरंटमध्ये नेताना ३.१८ ने भागायचा. १ चे झाले ०.३१४. ओव्हरवॉचसाठी तेच ३.३३ होतात. एपेक्स लेजेंड्समध्ये काहीच बदलावं लागत नाही, कारण त्याचं इंजिन व्हॉल्वच्या सोर्स इंजिनवरूनच तयार झालंय.

गणित नको असेल तर पट्टी घ्या. गेममध्ये एखाद्या खुणेवर नेम धरा आणि पूर्ण गोल फिरून परत तिथं यायला माऊस किती सेंटीमीटर सरकवावा लागतो ते मोजा. ८०० डीपीआय आणि काउंटर-स्ट्राइकचा १ असेल तर हे अंतर साधारण ५२ सेंटीमीटर येतं. हे अंतर कुठल्याही गेममध्ये जुळवता येतं. गेमिंग कॅफेतल्या माऊसचा डीपीआय माहीत नसला तरी पट्टी चालते. फक्त विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' आधी बंद करा. नाहीतर हात जोरात हलवला की वेगळं अंतर आणि हळू हलवला की वेगळं, असा प्रकार होऊ शकतो.

एवढं करूनही काहींना 'काहीतरी चुकतंय' असं वाटत राहतं. त्याचं कारण फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दिसतं ते. व्हॅलोरंटमध्ये ते १०३ वर कायम आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये आकडा ९० दिसतो, पण तो जुन्या ४:३ स्क्रीनच्या हिशोबानं. आजच्या १६:९ स्क्रीनवर ते सुमारे १०६ भरतात. म्हणजे या दोघांत फारसा फरक नाही.

खरी गंमत स्कोपमध्ये आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपीचा पहिला झूम ९० चे ४० अंश करतो. गेम सरळ भागाकार करून माऊसचा वेग ४४ टक्क्यांवर आणतो. पण चित्र सरळ प्रमाणात मोठं होत नाही. सपाट स्क्रीनवर हा हिशोब अर्ध्या कोनाच्या टॅनजंटनं चालतो (दहावीची त्रिकोणमिती अशी परत भेटते). त्यानुसार मधलं चित्र जवळपास पावणेतीनपट मोठं होतं, म्हणजे वेग ३६ टक्के हवा. ३६ भागिले ४४ केलं की साधारण ०.८२ येतात. अनेक खेळाडू झूम सेन्सिटिव्हिटीत ०.८१८९३३ हा विचित्र आकडा टाकतात, तो इथून आलाय. त्यानं क्रॉसहेअरच्या आसपासची हालचाल स्कोपशिवाय वाटते तशीच वाटते. पण पूर्ण गोल फिरण्याचं अंतर मात्र वाढतं. दोन्ही गोष्टी एकदम जुळत नाहीत, एक निवडावीच लागते.

स्कोप नसताना गोल फिरण्याचं अंतर जुळवलेलं बरं, कारण मागून पावलं ऐकू आली की वळणारा हात त्याच अंतराला सरावलेला असतो. स्कोपमध्ये मात्र क्रॉसहेअरजवळचा वेग महत्त्वाचा.

कॉल ऑफ ड्यूटीमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू १२० वर ठेवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. १०३ च्या तुलनेत तिथं स्क्रीनच्या मधोमध उभा असलेला शत्रू पाव भागाहून थोडा जास्तच लहान दिसतो. सेन्सिटिव्हिटी कितीही अचूक जुळवली तरी ते डोकं मोठं होणार नाही. त्यासाठी स्लायडरच खाली, १०३ च्या जवळ आणावा लागतो.