टाकीचा भोंगा आणि तिळाएवढे भाग

आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि नेमकं तेव्हाच आपण गोठ्यात नाहीतर चुलीपाशी. टाकी वाहून जाते, मग चार दिवस हळहळ. म्हणून आमच्या गटानं टाकी भरली की वाजणारा भोंगा घरीच केला. राजस्थानात डुंगरपूरच्या बचत गटातल्या बायकांनी आयआयटी मुंबईकडून शिकून सौरदिवे जोडले, मग आपल्याला एवढं का जमू नये?

आधी सर्किटची पाटी करायची. फायबरच्या तुकड्यावर तांब्याचा पातळ थर असतो. तो पॉलिशपेपरनं घासून, वीज जिथून न्यायची तिथं पक्क्या शाईच्या मार्करनं रेघा ओढायच्या. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. आमची पहिली पाटी गप्पांच्या नादात तशीच राहिली, रेघाही गेल्या! आता दर पाच मिनिटांनी बघतो.

भाग घेतले ते पाटीवर वरच्या वर बसणारे. १२०६ मापाचा रेझिस्टर ३.२ मिलिमीटर लांब, १.६ रुंद, म्हणजे तिळाएवढा. बघून धडकी भरते, पण भोकं पाडायचं काम वाचतं. त्यावर १०३ असेल तर १० पुढे तीन शून्यं, म्हणजे १०,००० ओहम. एका जागी डाखाचा थेंब ठेवायचा, भाग चिमट्यानं धरून थेंब पुन्हा वितळवायचा, मग दुसरं टोक. निवडणं-टिपणं करणाऱ्या हातांना हे लवकर जमतं. चाळिशी लागली असेल तर चष्मा मात्र हवाच.

आम्हाला खरी काळजी वाटली ती स्वयंपाकघराची. फेरिक क्लोराइड ॲल्युमिनियम, स्टीलची भांडी खातं. वेगळा प्लास्टिकचा डबा, हातमोजे, आणि मुलं लांब. ते पाणी पुन्हा वापरता येतं, पण गटारात किंवा शेतात ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. साध्या डाखात शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय पिठाला लावू नका.

पाटी टाकीबाहेर, पाण्यात फक्त दोन तारांची टोकं, तीही वापरायच्या पाण्याच्या टाकीत. पाणी टेकलं की त्यातून थोडीशी वीज ट्रान्झिस्टरला मिळते आणि तो भोंगा चालू करतो. ९ व्होल्टची बॅटरी पुरते, घरच्या विजेला जोडू नका. टोकांवर थर चढतो, तो अधूनमधून घासा, नाहीतर टाकी वाहते आणि भोंगा गप्प.