मोटरसायकलच्या स्प्रॉकेटमधील बदल आणि वेगमापकाची अचूकता

प्रस्तावना :
मोटरसायकलचा वेगमापक म्हणजेच स्पीडोमीटर वेग थेट मोजत नाही. एखाद्या फिरत्या भागाच्या फेऱ्यांवरून तो वेगाचे अनुमान करतो. अधिक ओढ किंवा अधिक वेग मिळविण्यासाठी अनेक चालक स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दंतचक्रे, बदलतात. अशा वेळी हे अनुमान खरे राहते काय, हा प्रश्न तांत्रिक तर आहेच, शिवाय सुरक्षिततेचा आणि कायद्याचाही आहे.

मोजणीचे स्थान :
या प्रश्नाचे उत्तर फेरे कोठे मोजले जातात यावर अवलंबून असते. हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाडीत पुढील चाकाच्या फेऱ्या केबलद्वारे वेगमापकापर्यंत पोहोचतात. पुढील चाकाचा चेनशी संबंध नसल्याने स्प्रॉकेट बदलले तरी तेथे काट्यावर परिणाम होत नाही. मागील चाकावरच सेन्सर असल्यासही हेच घडते. याउलट २००६ च्या यामाहा वायझेडएफ-आर६ सारख्या गाडीत सेन्सर गिअरबॉक्समध्ये असतो. गिअरबॉक्स आणि मागील चाक यांच्यामध्ये स्प्रॉकेटची जोडी येत असल्याने तिच्या गुणोत्तरातील प्रत्येक बदल वेगमापकाची चूक बनून प्रकट होतो.

गणित :
या गाडीचे मूळ स्प्रॉकेट पुढे १६ व मागे ४५ दात्यांचे असून गुणोत्तर २.८१२५ आहे. मूळ काटा अचूक आहे असे गृहीत धरल्यास :

प्रत्यक्ष वेग = दर्शविलेला वेग × मूळ गुणोत्तर ÷ नवे गुणोत्तर

पुढे १५ दाते बसविल्यास गुणोत्तर ३ होते. काटा ताशी ६० कि.मी. दाखवीत असता प्रत्यक्ष वेग ५६.२५ कि.मी. असतो. याउलट, पुढील १६ दाते कायम ठेवून मागे ४२ दाते बसविल्यास गुणोत्तर २.६२५ होते आणि काट्यावरील ६० म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६४.३ कि.मी. ठरतात. येथे पुढील एका दात्याचा बदल मागील सुमारे तीन दात्यांच्या बदलाइतका प्रभावी आहे. चेनच्या कड्यांची संख्या किंवा तिचा सैलपणा यांमुळे मात्र हे गुणोत्तर बदलत नाही.

परिणाम :
दोन्ही चुकांचे मोल सारखे नाही. पहिल्या चुकीत चालक नकळत सावकाश जातो. दुसरीत तो नकळत मर्यादा ओलांडतो. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत नगरपालिका हद्दीत मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ६० कि.मी. ठरविण्यात आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमातही दर्शविलेला वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा कधीही कमी नसावा, असे तत्त्व आहे.

अंतरमापकही त्याच सेन्सरवर चालत असल्यास त्यातही हीच चूक शिरते. १५ दात्यांच्या उदाहरणात १,००० कि.मी. प्रवासाची नोंद सुमारे १,०६७ होईल. परिणामी, इंधनाची बचत झाल्याचा भास निर्माण होतो.

निष्कर्ष :
स्प्रॉकेट बदलण्यापूर्वी सेन्सरचे स्थान तपासणे आवश्यक आहे. तो गिअरबॉक्समध्ये असल्यास संकेत सुधारणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवावे. वरील पहिल्या उदाहरणात सुधारणा गुणक १५/१६ म्हणजे ०.९३७५ येतो. त्यानंतर सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाने, जीपीएसच्या साहाय्याने पडताळणी करावी. बदल यंत्रात केला, तर मोजणीतही तो केलाच पाहिजे.