ठोक्यांच्या आड ऐकणारी कडी

पार्किन्सन्ससाठी मेंदूत तार बसवतात, ही बातमी जुनी. ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या उपचाराला आजचं रूप दिलं. नव्वदच्या दशकाअखेर डॉ. परेश दोशी यांनी तो मुंबईच्या जसलोकमध्ये सुरू केला. छातीत कातडीखाली बॅटरी, मानेतून वर गेलेली तार, सेकंदाला विजेचे साधारण १३० ठोके. रुग्ण झोपलेला असो की चालत असो, ठोके तेच.

नवं यंत्र मेंदूचं ऐकून वीज कमी-जास्त करतं. अमेरिकेत त्याला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. माझं मन त्याच्या ऐकण्यातच गुंतलं. ठोका व्होल्टमधला, मेंदूची लहर त्याच्या दहा लाखाव्या हिश्शाची. फटाक्यांच्या माळेशेजारी कुजबुज ऐकायची कशी? तारेच्या टोकाशी कड्यांचे चार थर असतात. ठोका मधल्या एका कडीतून सुटतो. तिच्या वरची आणि खालची कडी ऐकते. दोघी सारख्याच अंतरावर, म्हणून ठोकाही दोघींना जवळपास सारखाच पोचतो. एकीच्या नोंदीतून दुसरीची वजा केली की तो बहुतेक पुसला जातो आणि मेंदूची लहर उरते. किती देखणी युक्ती!

मेंदूच्या लहरींतली सेकंदाला १३ ते ३० वेळा डोलणारी बीटा लहर पार्किन्सन्समध्ये जोर धरते. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की ओसरते. २०१३ मध्ये सायमन लिटल, पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांवर पाहिलं: लहर चढेल तेव्हाच वीज दिली, तर ती निम्म्याहून कमी वेळ चालूनही नेहमीपेक्षा जास्त गुण येतो.

पण गुण देणारी कडी टोकाची निघाली, तर तिला दोन्हीकडे शेजारीण नाही. ही वजाबाकीच जमत नाही. काहींची बीटा फार क्षीण असते. छातीतल्या बॅटरीच्या डब्यापर्यंत हृदयाचे ठोकेही पोचतात आणि नोंदीत मिसळतात.

साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावातल्या रुग्णाचा विचार केला की मला याहून मोठी काळजी वाटते. यंत्र आपोआप वीज बदलत असलं, तरी ती कुठे वाढवायची, कुठे थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवावं लागतं. त्यासाठी रुग्णाला गोळीविना आणि गोळीनंतर, दोन्ही वेळा तपासतात. नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर, मुंबई तर फारच दूर. म्हणजे सकाळची गोळी न घेता, ताठलेल्या अंगानं एसटीत चढायचं, किंवा आदल्या रात्रीच शहरात मुक्काम करायचा. सोबत घरचं एक माणूस लागणारच, आणि धानाच्या बांधीत रोवणी चालू असेल तर त्याचीही मजुरी बुडणार. हे एकदाच नाही. आजार पुढे सरकेल तसं पुन्हा पुन्हा.